‘ऑफिसिनालिस’ आणि ‘ऑफिसिनाले’

सुंठीच्या चूर्णाच्या वेष्टनावर ‘झिंजिबर ऑफिसिनालिस’ असे छापलेले आमच्या पाहण्यात वारंवार येते. शुद्ध रूप ‘झिंजिबर ऑफिसिनाले’ असे आहे. (उच्चार इंग्रजी वळणाने ‘ऑफिसिनेल’ केला तरी आमची हरकत नाही, प्रश्न लेखनाचा आहे.)

लॅटिन भाषेत ‘ऑफिसिना’ म्हणजे कार्यशाळा. मध्ययुगात ख्रिस्ती मठांतील औषधी साठविण्याच्या कोठारासही हा शब्द रूढ झाला. त्यास ‘आलिस’ हा तद्धित प्रत्यय लागून ‘औषधशाळेचे’ या अर्थाचे विशेषण सिद्ध होते. संस्कृताप्रमाणेच येथेही विशेषण विशेष्याचे लिंग, वचन व विभक्ती घेते. वैद्यवर्गास परिचित असा ‘शुचि’ शब्द घ्यावा : शुचिः पुरुषः, शुचिः स्त्री, परंतु शुचि जलम्. तद्वत् पुल्लिंगी व स्त्रीलिंगी प्रथमेचे रूप एकच, ‘ऑफिसिनालिस’. नपुंसकलिंगी मात्र ‘ऑफिसिनाले’. ‘झिंजिबर’ नपुंसकलिंगी आहे. षष्ठीत तिन्ही लिंगी ‘ऑफिसिनालिस’च होते, पण वनस्पतिनामात विशेषण प्रथमेतच येत असल्याने त्याचा येथे उपयोग नाही.

उसाचे ‘सॅकॅरम ऑफिसिनारम’ हे नाव मात्र निराळे. ते विशेषण नसून ‘ऑफिसिना’ या नामाचीच षष्ठी, बहुवचनी : ‘औषधशाळांचा’. ते लिंगानुसार बदलत नाही. आवळ्याचेही तसेच. जुन्या ग्रंथांतील ‘एम्ब्लिका ऑफिसिनालिस’ऐवजी आज लिनीयसने १७५३ मध्ये दिलेले ‘फायलँथस एम्ब्लिका’ हे नाव ग्राह्य धरतात. ‘फायलँथस’ पुल्लिंगी, म्हणून कोणी ‘एम्ब्लिकस’ अशी सुधारणा करू नये. ‘एम्ब्लिका’ हे नाम आहे.

अंत्य प्रत्यय चुकल्याने द्रव्य बदलत नाही, आणि वनस्पतिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो दुरुस्तही करता येतो. परंतु अशी चूक दिसली की नाव ग्रंथाशी ताडून पाहिलेले नाही, हे आम्ही ओळखतो व पुढील नावे अधिक बारकाईने वाचतो. कारण विशेषणच बदलले तर द्रव्य बदलते. शतावरी म्हणजे ‘अस्पॅरॅगस रेसिमोसस’. ‘अस्पॅरॅगस ऑफिसिनालिस’ ही पाश्चात्त्यांची कोंबांची भाजी. व्याकरणदृष्ट्या दोन्ही नावे निर्दोष आहेत, आणि ‘औषधशाळेचे’ हा अर्थ ऐकून दुसरेच अधिक औषधी वाटावे! या विशेषणाने युरोपातील जुना वापर तेवढा कळतो, गुणकर्म नव्हे. औषधशाळाचालकांनी कच्च्या मालाच्या मागणीपत्रावर संस्कृत नाव, पूर्ण लॅटिन नाव आणि उपयुक्त अंग ही तिन्ही लिहावीत. शतावरीपुढे ‘मूळ’ हा शब्द विसरू नये.