हात थकला, तरी कसब थकत नाही



लाकूडकामाचा नाद मला लहानपणापासूनचा. शाळेत मास्तर असताना सुट्टीच्या दिवशी मी जऊळक्याच्या सुतारदादांच्या दारात जाऊन बसे. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. कधी पाट करावा, कधी पोळपाट करावा. तान्हा पोळा जवळ आला की घरच्या पोरांसाठी चाकांचा लाकडी नंदी करावा. त्यात फार सुख वाटे.

पुढे साठी उलटली. गुडघे धरले. साखरेच्या आजाराने बोटांची टोके बधिर झाली. चार हात करवत मारली की दम लागू लागला. एका तान्ह्या पोळ्याला नातवाचा नंदी अर्धाच राहिला. पोरगा रडला. मलाही वाईट वाटले.

बायको म्हणाली, "आता पुरे करा हा खटाटोप."
मुलगा म्हणाला, "बाबा, मी मशीन आणून देतो. मग हात हलवायलाच नको."

दोन्ही बोल मायेचे होते. पण दोन्ही अपुरे होते. कसे, ते सांगतो.

फळीवरचे रक्त

विजेची ड्रिल मशीन घरी आली. मी हरखून गेलो. दुपारभर भोके पाडत बसलो. संध्याकाळी सून म्हणाली, "मामाजी, फळीवर हे रक्त कशाचं?"

पाहतो तर माझ्या बोटात लाकडाची मोठी फास शिरलेली! कधी शिरली, मला पत्ताच नाही. बोट बधिर, मग दुखणार कसे? आणि दुखले नाही, तर माणूस थांबणार कसा?

दुखणे आपल्याला नकोसे वाटते. पण ते शरीराचे राखणदार आहे, बरं का. राखणदार झोपला की चोराचे फावते.

वेल्लोरचे डॉक्टर

तमिळनाडूत वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड नावाचे डॉक्टर होते. डॉक्टरी शिकण्याआधी ते सुतारकाम शिकले होते. त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर मोठे काम केले. पूर्वी लोक समजत, की या रोगात बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिले, की तसे नाही. हात बधिर झालेला असतो. चटका बसतो, खिळा लागतो, हत्याराची मूठ घासते. रोग्याला ते कळत नाही. जखम चिघळते आणि बोट जाते.

म्हणून त्यांनी रोग्यांना एक सवय लावली. हात रोज डोळ्यांनी तपासायचे. बोट सांगत नाही, ते डोळ्याने पाहायचे. अशी काळजी घेत तेथील रोगी सुतारकामही शिकले.

आपल्या विदर्भातही अशी उदाहरणे आहेत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभारले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन सुरू केले. तेथे बोटे आखडलेल्या माणसांनी कामधंदा शिकून कष्टाची भाकर खाल्ली. मग आपण गुडघा दुखतो म्हणून हात जोडून का बसावे?

कामाची वाटणी

मी विचार केला. घरात जशी कामाची वाटणी असते, तशी लाकूडकामातही करावी. मी तीन वाटे केले.

पहिला वाटा आरामशीनचा. जाड ओंडका घरी चिरत बसू नये. हव्या त्या जाडीच्या फळ्या तेथूनच चिरून आणाव्या. चार पैसे जातात, पण खांदा वाचतो.

दुसरा वाटा विजेच्या मशीनचा. ज्या कामात तेच ते पुन्हा पुन्हा करावे लागते आणि जोर लागतो, ते मशीनला द्यावे. भोके पाडणे, स्क्रू पिळणे, खरखरीत फळी घासणे, ही तिची कामे.

तिसरा वाटा आपल्या हाताचा. खुणा करणे, सांधा जुळवणे, पटाशीने कोरणे, रंध्याचा शेवटचा हात फिरवणे. येथे जोर कमी आणि नजर जास्त लागते. कामाचा खरा आनंदही येथेच असतो. मशीन चूक करते तीही झटक्यात. हाताची चूक हळू होते, म्हणून वेळेवर सावरता येते.

मशीन चालवताना

मशीन जोर वाचवते, पण तिला आपली दया येत नाही. ड्रिल लाकडात अडकली की मनगटाला हिसका देते. म्हणून लाकूड हातात धरू नये. ते शिकंज्यात पक्के आवळावे.

फिरत्या मशीनजवळ उपरणे, पदर, सैल बाही नको. हातमोजेही नकोत. मोजा गुंडाळला की हातही ओढला जातो.

मशीनचा थरकाप फार वेळ सोसला तर चांगली बोटेही बधिर होतात. पंधरा मिनिटे चालवावी, मग थांबावे. हात धुऊन उजेडात पाहावे. नाकातोंडाला फडके बांधावे. लाकडाची बारीक धूळ छातीला वाईट.

ज्याचा हात कापतो, ज्याला फेफरे येते किंवा नजर कमी आहे, त्याने फिरत्या पात्याच्या करवतीला हात लावू नये. त्यात कमीपणा नाही.

हत्यार आपल्या हाताजोगे करा

हाताची हत्यारेही थोडी बदलावी. मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी. जाड मूठ धरायला जोर कमी लागतो आणि हाताला घट्टे पडत नाहीत.

आपले सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करतात. गुडघे धरलेल्या माणसाला ते जमत नाही. त्याने उंच बाक करावा. उभे राहून हात सैल सोडला की मनगट जेथे येते, तेवढी उंची रंध्याला बरी पडते.

लाकूडही पाहून घ्यावे. बाभूळ औताला चांगली, पण थकल्या हाताला नको. आंबा किंवा शिवण घ्यावी. ती मऊ असते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे धार. बोथट पटाशीला दुप्पट जोर लागतो. जोर लावला की ती घसरते आणि हातात शिरते. धारेची पटाशी हलक्या हाताने चालते. म्हणून काम सुरू करण्याआधी हत्यार दगडावर घासावे.

नंदी तयार झाला

यंदा मी नंदी पुन्हा हाती घेतला. फळी आरामशीनवर चिरून आणली. चाकांची भोके मशीनने पाडली. शिंगे, वशिंड आणि डोळे मात्र पटाशीने कोरले. रोज एक तास, त्याहून जास्त नाही. दोन दिवसांचे काम पंधरा दिवस चालले. चालू द्या! तान्ह्या पोळ्याला नातवाने नंदी ओढत नेला, तेव्हा मी ओट्यावर बसून पाहत होतो. माझी दहाही बोटे शाबूत होती.

मंडळी, हे ध्यानात ठेवा:

जोराचे काम मशीनला द्या, नजरेचे काम हाताला ठेवा.
लाकूड शिकंज्यात धरा, हातात धरू नका.
हत्याराला रोज धार लावा.
काम झाले की हात डोळ्यांनी तपासा.
थकण्याआधी थांबा. काम उद्याही करता येते.