खिडकीतला प्रकाश आणि पुरणपोळी

चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेमार्गावर आवडी हे स्थानक लागते. १९६१ साली स्थापन झालेल्या रणगाड्यांच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव देशभर परिचित झाले. नोकरीच्या निमित्ताने येथे येणाऱ्या कुटुंबांत मराठी भाषकही असतात. त्यांपैकी एखाद्या गृहिणीने पुरणपोळ्यांची विक्री सुरू करावयाची म्हटली, तर पहिली अडचण नावाचीच येते. चेन्नईत ‘पोळी’ म्हणजे मैद्याची, हळदीने पिवळी झालेली, केळीच्या पानावर थापलेली लहानशी पोळी. ग्राहकाच्या मनात तीच असते. आपली पोळी वेगळी आहे, हे त्याला मोबाइलवरील छायाचित्रच चटकन सांगू शकते. आणि ते फसले, तर मागणी येण्यापूर्वीच हातची जाते.

याच गरजेतून ‘फूड स्टायलिंग’ म्हणजे पदार्थांची मांडणी आणि त्यांचे छायाचित्रण शिकविणाऱ्या कार्यशाळांचे महत्त्व वाढले आहे. पुरण किती शिजले, हे जसे पुस्तक वाचून कळत नाही, तसेच हेही प्रत्यक्ष केल्याशिवाय येत नाही.

आधी प्रकाश, मग ताट

चांगल्या कार्यशाळेत पहिला धडा कॅमेऱ्याचा नसून खिडकीचा असतो. पदार्थावर प्रकाश समोरून पडला, तर तो सपाट दिसतो; बाजूने किंवा किंचित मागून आला, तर पोळीचा पापुद्रा आणि तुपाची चकाकी उठून दिसते. चेन्नईचे दुपारचे ऊन प्रखर. त्यामुळे सावल्या काळ्याकुट्ट पडतात. अशा वेळी खिडकीवर पातळ पांढरे कापड लावावे आणि विरुद्ध बाजूस पांढरे कार्डशीट उभे करावे. कापडाने प्रकाश मऊ होतो, कार्डशीटने सावली उजळते. घरातील दिवा मात्र बंद ठेवावा. दोन रंगांचे प्रकाश एकत्र आले की पांढरा भातही पिवळट दिसतो.

दुसरा धडा कोनाचा. भरलेले ताट वरून, उंच पेला समोरून, तर वाटीतली आमटी साधारण ४५ अंशांतून चांगली दिसते. मोबाइल पदार्थाच्या अगदी जवळ नेल्यास आकार वेडावाकडा होतो. म्हणून थोडे मागे सरकावे.

तिसरा धडा वेळेचा. तूप थिजते, कोथिंबीर कोमेजते, वाफ विरते. म्हणून प्रकाश व चौकट जुळविताना एक बदली ताट ठेवावे आणि सारे जमल्यावरच ताजी पोळी तव्यावरून आणावी. ती किंचित मोडून आतील पुरण दिसू द्यावे आणि शेजारी वाटी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

सजावट कोठे थांबते?

अमेरिकेत कॅम्पबेल सूप कंपनीच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, जेणेकरून भाज्यांचे तुकडे वर दिसावेत. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या आक्षेपानंतर १९७० साली कंपनीला हा प्रकार थांबवावा लागला. आपल्याकडेही अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कसोटी सोपी आहे : छायाचित्रातील पोळी आणि डब्यातील पोळी आकाराने, पुरणाने व तुपाने सारखीच असावी. प्रकाश निवडणे ही कला. पुरण वाढवून दाखविणे ही फसवणूक. परगावी, परभाषेत व्यवसाय करणाऱ्यास ग्राहकाचा विश्वास एकदाच मिळतो.

खर्चाचा हिशेब

सुरुवातीस महागडा कॅमेरा लागत नाही. हातातील मोबाइल, जुने पांढरे कापड, दोन कार्डशीट आणि घरातलीच पितळी वा स्टीलची भांडी पुरेशी आहेत. विक्रीपूर्वी एफएसएसएआयची नोंदणी मात्र अवश्य करावी आणि तिचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. पुढे मागणी वाढल्यास प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळू शकते. ते आधी मोठा तवा आणि शीतकपाट यांसाठी वापरावे. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर, विक्रीच्या वहीत त्याची किंमत जमा झालेली दिसेल तेव्हा करावा. तोपर्यंत खिडकीतला प्रकाश विनामूल्य आहेच.