महामार्ग, जमीन आणि शेतकऱ्याचा बाजार

नागपूरपासून भिवंडीजवळील आमणेपर्यंतचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी 701 किलोमीटर असून तो दहा जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला होता. शेवटच्या टप्प्यात इगतपुरी व कसारा यांच्या दरम्यान सह्याद्री पोखरून सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा काढावा लागला.

एके काळी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून कोकणपट्टीत उतरत असे. 1865 मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाली, 1867 मध्ये ती नागपूरला पोहोचली आणि ह्या व्यापाराचे रूप पालटले. नवा महामार्ग हा त्याच वाटेवरील पुढचा टप्पा होय. परंतु रस्ता झाला म्हणजे शेतकऱ्याचा लाभ आपोआप झाला, असे मात्र नव्हे. तो लाभ पदरात पडावा यासाठी काय करावयास हवे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जमीन जाते तेव्हा

लोकोपयोगी मोठ्या कामासाठी कोणाची तरी जमीन जातेच. ह्या बाबतीत नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. नर्मदाकाठचे हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातील गावांपैकी पहिले. 1993 च्या पावसाळ्यात तेथील घरांत पाणी शिरले. 2019 मध्ये जलाशय 138.68 मीटर ह्या पूर्ण पातळीस प्रथमच भरला. नर्मदा पाणी तंटा लवादाने 1979 च्या निवाड्यात, ज्यांची 25 टक्क्यांहून अधिक जमीन जाईल अशा खातेदार कुटुंबास किमान 2 हेक्टर सिंचनक्षम जमीन द्यावी, असे ठरवून दिले होते. जमिनीच्या बदल्यात जमीन, हे त्यातील मुख्य तत्त्व. त्यामागचे कारण उघड आहे. जमीन दर वर्षी पिकते. रोख रक्कम एकदाच हाती येते आणि खर्चाच्या वाटा मात्र अनेक असतात.

समृद्धी महामार्गाच्या वेळी प्रथम भूसंचय योजना मांडण्यात आली. विकसित भूखंड व ठरावीक वर्षे वार्षिक रक्कम असे तिचे स्वरूप होते. काही भागांत तिला विरोध झाला आणि पुढे थेट खरेदीचा पर्याय देण्यात आला. बहुतेकांनी हाच दुसरा मार्ग पत्करला. मोबदल्याची रक्कम मोठी होती. परंतु रकमेचा आकडा कितीही मोठा असो, त्यातून पुन्हा उत्पन्नाचे साधन उभे राहिले तरच कुटुंब सावरते. म्हणून पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

1. संयुक्त मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहावे. विहीर, जलवाहिनी, फळझाडे व बांधकाम यांची नोंद झाली की नाही, ते तेथेच पाहून घ्यावे.
2. सातबारा उतारा व वारस नोंदी आधीच दुरुस्त करून घ्याव्यात. विधवा, बहिणी व इतर हिस्सेदार यांचे हक्क डावलले जाऊ नयेत.
3. मोबदला बँकेत, शक्यतो पती-पत्नीच्या जोडखात्यात ठेवावा. प्रथम कर्ज फेडावे. नंतर जमीन, विहीर, दुभती जनावरे किंवा जोडधंदा यांत रक्कम गुंतवावी. लग्नकार्य व वाहने यांचा क्रम त्यानंतरचा.

माती आणि पाणी

रस्त्याचा उंच भराव पाण्याची नैसर्गिक वाट अडवू शकतो. मोरी चुकीच्या जागी पडली तर एका शेतात पाणी साचते आणि दुसऱ्याची माती वाहून जाते. यासाठी काम सुरू होण्यापूर्वीच ओघळींच्या जागा दाखवून लेखी अर्ज द्यावा. खोदताना निघणारा वरचा सुपीक थर वाया जाऊ न देता हलक्या रानात पसरावा.

ह्याच कामाचा शेतीला उपयोगही करून घेता येतो. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गांच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाले खोल करून काढण्यात आले. रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला पाणीसाठा. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ही पद्धत पुढे सर्वत्र ओळखली जाऊ लागली. जेथे रस्त्याचे काम निघेल तेथे ग्रामसभेने अशी मागणी ठरावाने करावी.

महामार्गापर्यंतची वाट

समृद्धी महामार्गावर कोठूनही चढता येत नाही. ठरलेल्या ठिकाणच्या जोडमार्गांवरूनच प्रवेश मिळतो. ट्रॅक्टर, दुचाकी व तीनचाकी वाहनांना तेथे मज्जाव आहे. म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीत कांदा भरून एकट्याने मुंबईस निघावे, असे होणार नाही. माल एकत्र करणे, प्रतवारी, बांधणी आणि सामाईक ट्रक ही कामे गटाने किंवा सहकारी संस्थेनेच करावी लागतील.

मणिबेलीच्या परिसराची अडचण ह्याहून निराळी आहे. नर्मदा येथून पुढे भरूचजवळ समुद्रास मिळते. नागपूरच्या मानाने समुद्र येथून फारच जवळ. शिवाय सुरतेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 ह्याच जिल्ह्यातील नवापूरवरून जातो. तरीही जलाशयाकाठच्या कित्येक पाड्यांना डोंगरवाट तरी तुडवावी लागते, नाहीतर बोट तरी धरावी लागते. समुद्र जवळ असणे निराळे आणि बाजार जवळ असणे निराळे. पाड्याचा कच्चा रस्ता पावसाळ्यात तुटला, तर महामार्ग कितीही रुंद असला तरी त्या पाड्यास त्याचा उपयोग नाही.

रस्ता होईपर्यंत अशा ठिकाणी वजनाने हलका, किमतीने बरा व टिकाऊ माल तयार करणे हिताचे. धडगाव भागातील आमचूर हे त्याचे उत्तम उदाहरण. कैरीच्या फोडी लोखंडी विळ्याऐवजी गंज न चढणाऱ्या सुरीने कराव्यात. त्यामुळे त्या काळ्या पडत नाहीत. जमिनीवर न टाकता स्वच्छ ताडपत्रीवर किंवा मांडवावर वाळवाव्यात. पांढऱ्या व काळपट फोडी वेगळ्या करून कोरड्या पोत्यांत भराव्यात. भगर व मोह यांनाही वाळवणी आणि साठवणीचे हेच नियम लागू पडतात. माल टिकला म्हणजे पडेल भावाने विकण्याची पाळी येत नाही.

ग्रामसेवकांनी काय करावे

ग्रामसेवकांनी आपल्या गावाचा एक साधा नकाशा काढावा. शेतातून पक्क्या रस्त्यापर्यंत आणि तेथून बाजारापर्यंत माल कोणत्या वाटेने जातो, कोठे अडतो व किती महिने अडतो, हे त्यात दाखवावे. रस्त्यांच्या मागणीस हा नकाशा जोडावा. गावातून मोठे काम जाणार असल्यास बाधित खातेदारांची यादी करून प्रत्येकाची कागदपत्रे वेळीच तपासावीत.

मोठा रस्ता राज्य बांधते. त्याला जोडणाऱ्या लहान वाटेची मागणी मात्र गावानेच नेटाने लावून धरावी लागते. ज्याची जमीन गेली तो पुन्हा उभा राहिला आणि ज्याचा माल अडला होता तो वेळेवर बाजारात पोहोचला, म्हणजेच महामार्गाचे काम खऱ्या अर्थाने पुरे झाले असे म्हणता येईल.