होल किती मोठे असावे? पूलच्या वादातून कॅरम बनविणाऱ्या मिस्त्रीने घ्यायचा धडा

मुलचेरा : कॅरम बोर्ड करून घ्यायला सुताराच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक बहुधा एक गोष्ट आवर्जून सांगते, "मिस्त्री, होल जरा मोठेच ठेवा. पोरांना खेळायला मजा आली पाहिजे." मिस्त्रीही गिऱ्हाइकाचे मन राखतो. एक-दोन सूत जास्त कापल्याने कोणाचे काय बिघडते, असे त्याला वाटते. परंतु एक-दोन सुतांचा हाच प्रश्न आज जगभरच्या व्यावसायिक पूल खेळात मोठ्या वादाचा विषय झाला आहे. त्या वादात आपल्या कारागीर व व्यापारी बंधूंनी लक्षात घेण्यासारखे बरेच काही आहे.

वाद काय आहे?

पूल हा बिलियर्ड्सच्या घराण्यातला खेळ. सहा होलांचे मेज, वर कापड, खाली स्लेटचा दगड आणि कडेला रबराचे कुशन. पूलचा चेंडू सव्वादोन इंच व्यासाचा असतो. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे कोपऱ्यातील होलाचे तोंड साडेचार इंच ते ४ इंच ५ सूत आणि मधल्या होलाचे तोंड ५ इंच ते ५ इंच १ सूत असावे लागते. म्हणजे कोपऱ्याच्या होलात दोन चेंडू शेजारी शेजारी बसतील एवढी जागा असते.

आजचे व्यावसायिक खेळाडू इतके तरबेज आहेत, की एवढे होल त्यांना फार सोपे जाते. एकदा एकाचा हात बसला, की दुसरा खुर्चीत बसून नुसता पाहत राहतो. म्हणून मॅचरूम या इंग्लंडच्या आयोजक कंपनीने अलीकडच्या काही वर्षांत आपल्या मोठ्या स्पर्धांत कोपऱ्याचे होल ४ इंचांपर्यंत आणले. २०२४ साली जागतिक पूल स्पर्धा सौदी अरबस्तानात जेद्दा येथे झाली. एकूण बक्षीस १० लाख डॉलरचे होते आणि विजेत्याला अडीच लाख डॉलर मिळाले. एवढी रक्कम पणाला असताना होलाचे माप हा किरकोळ प्रश्न राहत नाही.

लहान होलाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की जो खरोखर अचूक आहे तोच जिंकावा. आडवातिडवा मारलेला चेंडू कडेला घासून आत पडू नये. विरोध करणारे म्हणतात, की होल लहान केले की खेळाडू जपून खेळतो, धाडसाचे फटके सोडून देतो, खेळ लांबतो आणि पाहणारा कंटाळतो. शिवाय हौशी गिऱ्हाइकाचे चेंडू पडलेच नाहीत तर तो पुन्हा मेजाकडे फिरकणार नाही.

दुकानदाराचा हिशेब

मेज भाड्याने देणाऱ्यासाठी हा हिशेब आणखी वेगळा आहे. भाडे तासावर असेल तर लहान होलामुळे डाव लांबतो आणि मेज जास्त वेळ चालते. भाडे डावावर असेल तर तेच लहान होल मालकाच्या खिशाला कात्री लावते, कारण तेवढ्याच वेळात डाव कमी होतात. म्हणून शिकाऊ गिऱ्हाईक जास्त असेल तेथे नियमातले मोठे माप आणि स्पर्धेची तयारी करणाऱ्यांसाठी एखादे घट्ट मेज, अशी विभागणी शहाणपणाची ठरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अनेक ठिकाणी "हरेल त्याने मेजाचे भाडे द्यावे" अशी रीत आहे. ही रीत जुगारात मोडते, असे अनेक उलेमांनी सांगितले आहे. ज्याला हलाल कमाई करायची आहे त्याने दोघांकडून निम्मे निम्मे भाडे घ्यावे, पैज लावणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे आणि शंका असेल तेथे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

नुसते तोंड मोजून भागत नाही

कारागिराच्या दृष्टीने या वादातील सर्वांत उपयोगी भाग पुढे आहे. होल घट्ट आहे की सैल, हे केवळ तोंडाच्या रुंदीवर ठरत नाही. कुशनची टोके किती अंशांत कापली आहेत (नियमाप्रमाणे कोपऱ्याला १४२ अंश, मध्ये १०४ अंश, एक अंश कमी-जास्त), तोंडापासून खड्ड्यापर्यंत दगडाची कड किती आत जाते, कापड नवे आहे की जुने, या सर्वांचा परिणाम होतो. काही लोक होल लहान करण्यासाठी कुशनच्या टोकांना पट्ट्यांवर पट्ट्या चिकटवतात. त्यामुळे तोंड लहान होते, पण कोन बिघडतो आणि बरोबर मारलेला चेंडूही बाहेर उडतो. जाणकार कारागीर पट्ट्या न वाढवता रबराची लांबीच वाढवून योग्य कोनात कापतो. काम तेच, पण एकाला वरवरची मलमपट्टी म्हणतात आणि दुसऱ्याला कारागिरी.

आता आपल्या कॅरमकडे

पूलचे मेज मोठ्या शहराची चैन आहे. मुलचेरा, अहेरी, चामोर्शीकडच्या गावांत चौकात आणि ओसरीवर दिसतो तो कॅरम. कॅरमचे मापही ठरलेले आहे. अखिल भारतीय कॅरम फेडरेशन १९५६ पासून आहे आणि आंतरराष्ट्रीय फेडरेशन १९८८ साली स्थापन झाले. त्यांच्या नियमाप्रमाणे होल ४.४५ सेंटिमीटर व्यासाचे असावे. दीड मिलिमीटर कमी किंवा जास्त चालते. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचे तर १ इंच ६ सूत, आणि सूट फक्त अर्ध्या सुताची!

बाकीची मापे याच्याशी बांधलेली आहेत. सोंगटी जास्तीत जास्त ३.१८ सेंटिमीटर, म्हणजे १ इंच २ सूत. स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर, म्हणजे १ इंच ५ सूत. स्ट्रायकर आणि होल यांत फरक अवघ्या एका सुताचा! होल त्याहून लहान झाले तर स्ट्रायकर तोंडात अडकेल. दोन सूत मोठे झाले तर तिरकी मारलेली सोंगटीही आत जाईल. खेळण्याची जागा ७३.५ ते ७४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २९ इंच चौरस असावी. प्लायवूड किमान ८ मिलिमीटर जाड आणि इतके गुळगुळीत हवे, की जोरात मारलेल्या स्ट्रायकरने साडेतीन फेऱ्या कराव्यात.

आता विचार करा. गावातला होतकरू मुलगा दोन सूत मोठ्या होलावर चार वर्षे हात बसवतो. गावात त्याला कोणी हरवू शकत नाही. मग तो जिल्ह्याच्या स्पर्धेला जातो आणि पहिल्याच फेरीत त्याच्या सोंगट्या तोंडावर आपटून परत येतात. दोष मुलाचा नाही. ज्याने "मजा यावी" म्हणून होल मोठे कापले त्याचा आहे. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी एम. खाझिमा हिने २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकली. गरिबाच्या लेकरालाही हा खेळ कोठे नेऊ शकतो, हे यावरून दिसते. पण त्यासाठी खालचे लाकूड खरे मापाचे असावे लागते.

कारागिरांनी काय करावे?

प्रमाण मापाला जादा लाकूड लागत नाही, जादा मजुरीही लागत नाही. ४४ मिलिमीटरची गोल करवत ड्रिलला लावली की होल नियमात बसते. गिरमिट आणि पटाशीने अंदाजे कापण्याचा त्रासही वाचतो. चारही होल कापल्यावर स्ट्रायकर टाकून पाहावा आणि माप गिऱ्हाइकाच्या समोर मोजून दाखवावे. कोणाला लहान मुलांसाठी मोठ्या होलाचा बोर्ड हवाच असेल तर जरूर द्यावा, पण "हा स्पर्धेचा नाही" असे सांगून द्यावा.

चौकटीला जड, कठीण लाकूड लागते. शिसमाला पहिली पसंती असते, बाभळीचेही चालते. आपण सागवानाच्या मुलखात राहतो, आलापल्ली आणि बल्लारशाहचे डेपो जवळ आहेत. पण लाकूड कोणतेही असो, लिलावाचे किंवा दुकानाचे बिल आणि वाहतुकीचा पास घेऊनच आणावे. शिसमाच्या परदेशी व्यापारावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आहेत, हेही माल बाहेर पाठवू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शाळा, क्लब आणि मंडळे माल घेताना मेरठ-जालंधरचा छापील लेबलचा बोर्ड पसंत करतात, ते त्याच्या मापाची खात्री वाटते म्हणून. आपला मिस्त्री तीच खात्री देऊ लागला तर वाहतूक खर्चात तो त्यांच्या पुढे राहील आणि दुरुस्तीचे कामही त्याच्याच दारी येईल.

कुरआनात माप-तोलात लबाडी करणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे. हजरत शुऐब (अ.स.) यांनी आपल्या कौमला मापाबद्दलच ताकीद दिली होती. आपण हे फक्त तराजूपुरते समजतो. परंतु सुताराची फूटपट्टी हाही एक तराजूच आहे. एक सूत इकडे-तिकडे झाल्याने जगातले मोठे खेळाडू भांडत असतील, तर त्या एका सुताची अमानत आपल्या हातात आहे, हे मिस्त्री बंधूंनी विसरू नये.