जुन्या टर्बो-डिझेल व्हॅनचं इंजिन चढावर का तापतं?

येना साले नदीच्या दरीत वसलंय, त्यामुळे शहराबाहेर पडताना बरेचदा चढ लागतो. १९८०च्या दशकातली टर्बो-डिझेल फोक्सवॅगन टी-थ्री घ्यायची असेल, तर चाचणी अशाच चढावर घ्या.

तिचं 'जेएक्स' इंजिन चार सिलिंडरचं, १५८८ घन सेंटिमीटरचं, ७० अश्वशक्तीचं. एवढ्या लहान इंजिनाने दीड टनाची व्हॅन चढावर ओढायची म्हणजे पूर्ण जोर लागतो आणि उष्णताही भरपूर निर्माण होते. त्यात इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. मधल्या लांब नळ्यांत हवा अडकली की पाणी नीट फिरत नाही.

सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक मात्र बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त प्रसरण पावतं. मग हेड गॅस्केट निकामी होतं किंवा हेडला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडा जातो. पाणी वारंवार कमी होत असेल, तर संशय घ्या.

टायमिंग बेल्ट बदलल्याची पावतीही मागा. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद केलं, तर तापलेल्या टर्बोतलं तेल करपतं. जर्मनीत उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला मनाई आहे. म्हणून शेवटचा किलोमीटर सावकाश चालवा.