त्याच घरात दुसऱ्यांदा

घरातले एक माणूस कॅन्सरने गेलेले असताना काही वर्षांनी त्याच घरात दुसऱ्या कुणाला हा आजार झाल्याचे कळते, तेव्हा दुःखाची सुरुवात पहिल्यासारखी होत नाही. पहिल्या वेळी कुटुंबाला काहीच ठाऊक नसते. बायोप्सी म्हणजे काय, केमो कशी देतात, ‘शेक’ घेताना काय होते, सगळेच नवे असते आणि त्या नवखेपणात थोडी आशाही असते. दुसऱ्या वेळी सगळे माहीत असते. केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा, कितव्या केमोनंतर केस गळू लागतात, शेवटी हॉलमधला दिवाण हलवून तिथे पलंग का मांडावा लागतो, हे सारे घराने पाहिलेले असते. डॉक्टर नुसते ‘गाठ आहे, तपासून घेऊ’ म्हणाले, तरी घरची माणसे मनाने थेट शेवटच्या दिवसांपर्यंत जाऊन पोचतात.

अशी कुटुंबे थोडी नाहीत. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या 2022च्या अंदाजानुसार भारतात दर नऊ माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होण्याची शक्यता आहे. काका, आत्या, मावशा, चुलत-मामे भावंडे धरली तर वीस-पंचवीस जणांच्या गोतावळ्यात दोन-तीन रुग्ण निघणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. तरीही ज्या घरात हे घडते, तिथे ‘आमच्याच मागे का?’ हा प्रश्न येतोच.

एकामागून एक येणाऱ्या वियोगांचा मनावर चढणारा भार रॉबर्ट कास्टनबाउम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1969 मध्ये प्रथम नीट मांडला. त्याच्यासमोर मुख्यतः वृद्ध माणसे होती. जोडीदार, भावंडे, मित्र इतक्या लागोपाठ जातात की मागच्या माणसासाठी पुरते रडून होण्याआधीच पुढचे जाते. कॅन्सर पुन्हा आलेल्या घरातही हेच होते, आणि त्याची लक्षणे पुष्कळदा दुःखासारखी दिसतच नाहीत. माणूस बधिर होतो. कामे यंत्रासारखी उरकतो, हिशेब चोख ठेवतो, पण डोळ्यांतून टिपूस येत नाही, आणि ‘भावाला एवढं झालंय, मला रडू कसं येत नाही?’ या विचाराने स्वतःलाच दोष देतो. कधी उलटेही होते. बहिणीच्या केमोच्या दिवशी अचानक हुंदका फुटतो आणि तो दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आईसाठी असतो. दोन्ही दुःखांची सरमिसळ झालेली असते. कुठले कुणासाठी, हे वेगळे काढून दाखवण्याची गरज नसते. मात्र जुने दुःख पुन्हा वर आले आहे हे ओळखता आले, तर आजच्या प्रसंगाची भीती थोडी कमी होते.

दुःखाच्या पाच पायऱ्या आता बऱ्याच जणांना पाठ असतात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी त्या 1969च्या आपल्या पुस्तकात मांडल्या. त्या मांडणीमागे मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांच्या मुलाखती होत्या. मागे राहिलेल्या नातलगांना ती पुढे लावली गेली, आणि हळूहळू तिची परीक्षेच्या इयत्तांसारखी ओळ लावण्यात आली. त्यातून नुकसानच जास्त झाले. पहिल्या मृत्यूचा ‘स्वीकार’ झाला असे समजणारा मुलगा आईच्या आजारात पुन्हा संतापाने पेटतो, तेव्हा आपण मागे घसरलो असे त्याला वाटते. दुःख असे ओळीने चालत नाही. नेदरलँड्समधील मार्गारेट श्ट्रुबे आणि हेंक श्कुट यांनी 1999 मध्ये मांडलेला विचार रोजच्या जगण्याच्या जास्त जवळ आहे. त्यांच्या मते दुःखी माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण, रडणे, फोटोपुढे बसणे; दुसऱ्या बाजूला मोडलेले घर पुन्हा उभे करण्याची कामे. दुपारी नवऱ्याच्या शर्टात तोंड खुपसून रडलेली बाई संध्याकाळी मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरते. शेजारपाजार याला कधी कधी कोरडेपणा म्हणतो. खरे तर ही ये-जाच माणसाला सावरते.

दुसरा रुग्ण घरात आला की ही ये-जा थांबते. औषधांच्या वेळा, विम्याची कागदपत्रे, रक्तासाठी धावपळ, गावाहून येणाऱ्यांची सोय यांतच दिवस संपतो आणि पहिल्या माणसासाठी रडायला जागा उरत नाही. म्हणून ती जाणूनबुजून काढावी लागते. आठवड्यातून एकदा कुणी तरी दोन तास रुग्णाजवळ बसावे आणि मुख्य काळजीवाहूने बाहेर पडावे, एवढी साधी व्यवस्थाही पुष्कळ असते. ‘काही लागलं तर सांगा’ असे सगळेच म्हणतात, पण थकलेले माणूस कुणाला काही सांगत नाही. ‘गुरुवारी डबा मी आणते’ असे सांगणारी वहिनी खरी उपयोगी पडते.

मृत्यूच्या आधीच सुरू होणाऱ्या दुःखाकडे एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने 1944च्या निबंधात लक्ष वेधले. दुसऱ्या महायुद्धात नवरा आघाडीवर गेला आणि तो परतणार नाही असे धरून त्याच्या बायकोने सारे दुःख भोगून संपवले. तो सुखरूप परत आला, तेव्हा तिच्या मनात त्याला जागाच उरली नव्हती, असे एक उदाहरण त्याने नोंदवले आहे. कॅन्सर दुसऱ्यांदा आलेल्या घरात हा धोका मोठा असतो. रुग्ण समोर बसलेला असतो, त्याला भाकरी-पिठले खावेसे वाटते, मॅच बघायची असते, आणि घरचे त्याच्याकडे आधीच निघून गेलेल्यासारखे पाहत असतात. त्याला न विचारता निर्णय होतात. तो खोलीत आला की बोलणे थांबते.

यातली सर्वांत अवघड गाठ म्हणजे लपवाछपवी. ‘आईला सांगू नका, ती खचेल’ हे वाक्य मराठी घरांत प्रेमापोटीच येते. पण दुसऱ्या वेळी रुग्ण झालेली आई ही पुष्कळदा पहिल्या वेळची काळजीवाहू असते. तिने नवऱ्याची फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परळच्या कॅन्सर रुग्णालयाच्या चकरा मारलेल्या असतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम केलेला असतो, तिथल्या बायकांशी औषधांच्या गोष्टी केलेल्या असतात. विभागाची पाटी वाचली की तिला कळते. ‘साधी गाठ आहे’ हे मुलाचे वाक्य तिने स्वतःच कधी काळी नवऱ्याला सांगितलेले असते. मग ती मुलांसाठी न कळल्याचे सोंग घेते, मुले तिच्यासाठी घेतात, आणि एकाच घरात सगळे जण एकेकटे रडतात. अशा वेळी सत्य अंगावर फेकणे आणि दडवणे या दोहोंमध्ये वाट असते. निर्णय तिच्याकडे सोपवता येतो: ‘आई, रिपोर्टमधलं सगळं तुला ऐकायचंय, की डॉक्टरांशी दादा बोलला तर चालेल?’ काही आया ‘तुम्हीच बघा’ म्हणतात. तेही उत्तरच आहे, आणि ते तिने दिलेले असते.

जुन्या अनुभवाची दुसरी अडचण अशी की तो आजच्या रुग्णाला लागू असेलच असे नाही. कॅन्सर या नावाखाली शंभराहून अधिक निरनिराळे आजार येतात. आत्याचा स्वादुपिंडाचा आणि बाबांचा पुरःस्थ ग्रंथीचा कॅन्सर यांची वाटचाल अगदी वेगळी असते. मधल्या काळात उपचारही बदललेले असतात. रक्ताच्या एका दीर्घकालीन कॅन्सरवर 2001 मध्ये इमॅटिनिबची गोळी आली, आणि ज्या आजारात पूर्वी थोडीच वर्षे हाती असत, त्यात आज अनेक रुग्ण रोजची गोळी घेऊन नोकरी-संसार सांभाळतात. केमोनंतरच्या उलट्या आवरणारी ऑनडॅन्सेट्रॉनसारखी औषधे 1990 नंतर वापरात आली. त्याआधी केमो पाहिलेल्या माणसाच्या मनातली केमो वेगळीच असते.

सर्वांत खोल रुतलेली आठवण बहुधा वेदनेची असते. भारतात 1985च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणे इतके किचकट झाले होते की असंख्य रुग्ण वेदनेने तळमळतच गेले. 2014 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्यांचे जाळे सैल झाले. ज्या मुलीने वडिलांचे ओरडणे रात्र-रात्र ऐकले आहे, तिने भावाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ते सांगावे आणि या वेळी वेदनेचे काय करणार, हे स्पष्ट विचारावे. वेदनाशामक सेवा म्हणजे उपचार थांबवून शेवटची वाट पाहणे, हा समज चुकीचा आहे. ती उपचारांबरोबर पहिल्या दिवसापासून घेता येते, आणि तिच्यात घरच्यांच्या मनाची काळजीही धरलेली असते. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले तेव्हापासूनच रुग्ण आणि कुटुंब यांचा एकत्र विचार या सेवेच्या केंद्रस्थानी आहे. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले.

‘आता पुढचा नंबर कुणाचा?’ हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण दुसऱ्या दुःखाला त्याची धार असते. एकूण कॅन्सरपैकी सुमारे 5 ते 10 टक्केच थेट आनुवंशिक जनुकीय दोषाने होतात. पुष्कळदा कारण घराच्या सामाईक सवयीत असते. तंबाखू, गुटखा, बायकांची मिश्री एका पिढीकडून दुसरीकडे जाते. कधी निव्वळ योगायोग असतो. अभिनेत्री नर्गिस 1981 मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांची सून रिचा शर्मा 1996 मध्ये मेंदूतल्या गाठीने गेली आणि मुलगा संजय दत्त यांना 2020 मध्ये कॅन्सर झाला. सासू-सुनेत रक्ताचे नाते नसते, त्यामुळे केवळ तीन नावे मोजून ‘घराण्यातच आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

आनुवंशिकतेची शंका घ्यावी अशा खुणा ठरलेल्या आहेत: पन्नाशीच्या आत झालेला कॅन्सर, रक्ताच्या एकाच बाजूला स्तनाचे, अंडाशयाचे किंवा आतड्याचे अनेक रुग्ण, दोन्ही स्तनांत रोग, पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर. बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 या जनुकांतला दोष आई किंवा वडील, कुणाकडूनही येऊ शकतो, आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. ‘स्तनाचा आजार म्हणजे आईकडचा’ असे समजून वडिलांच्या बहिणींचा इतिहास सांगायचा राहून जातो. चाचणी शक्यतो आधी रुग्णाची करतात, आणि तिच्या आधी जनुकीय समुपदेशन घेणे आवश्यक असते. आई कॅन्सरने गमावलेल्या अँजेलिना जोली यांनी बीआरसीए-1मधील दोष आढळल्यावर स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे मे 2013 मध्ये जाहीर केले. त्यानंतर दोनच आठवड्यांत त्यांची मावशी स्तनाच्या कॅन्सरने गेली. ज्याची चाचणी ‘निगेटिव्ह’ येते त्यालाही निखळ सुटका वाटत नाही. बहिणीत दोष आणि आपण मोकळे, ही बोच समुपदेशकांना नेहमी भेटते. लग्नाच्या बोलणीत अडचण येईल म्हणून ही माहिती भावंडांपासूनही दडवली जाते. मुलींच्या भविष्याची ती चिंता खरी आहे, पण वेळेवर तपासणीची संधी त्याच मुलींच्या हातून जाते.

मुलांना घरातली हवा आधी कळते. आजोबा ‘देवाघरी’ गेले तेव्हाही पलंग हॉलमध्ये आला होता, हे सहा वर्षांच्या मुलाला आठवते. त्याला आजाराचे नाव सांगावे. हा आजार एकमेकांना लागत नाही, तुझ्या चिडण्याने किंवा बोलण्याने तो झालेला नाही, आणि शाळेतून आणायला रोज कोण येईल, या तीन गोष्टी त्याला सर्वांआधी हव्या असतात. ‘झोपले’ असे सांगितलेली मुले पुढे झोपायला घाबरतात.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. त्यानंतर ते एकदम रिकामे होते आणि पुढच्या आजारपणाला तर विधीच नसतो. वर्षभर सण न करण्याची रीत अनेक घरांत आहे. लागोपाठ दोन मृत्यू झाले की मुलांच्या वाट्याला दोन-तीन वर्षे दिवाळीच येत नाही. अशा वेळी मुलांपुरता आकाशकंदील लावणाऱ्या आणि थोडा फराळ करणाऱ्या आजी-आजोबांचे वागणे शहाणपणाचे म्हटले पाहिजे. पहिल्याचे वर्षश्राद्ध दुसऱ्याच्या केमोच्या आठवड्यात आले, तर काय करायचे हे आजारी माणसालाच विचारणे योग्य. पुष्कळदा त्याला ते व्हावे असेच वाटते.

दुःखाला मुदत नाही, पण काही वेळा ते गोठून बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजारवर्गीकरणात ‘प्रदीर्घ शोकविकार’ ही स्वतंत्र नोंद आहे. मृत्यूला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटूनही ओढ आणि वेदना रोजची असेल, समाजाच्या रीतीच्या मानानेही ती फार असेल, आणि नोकरी, स्वयंपाक, मुलांकडे लक्ष हे सगळेच थांबले असेल, तर हा विकार विचारात घेतात. लागोपाठ माणसे गमावलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. यासाठी बोलण्यावर आधारलेले खास उपचार आहेत. नैराश्य सोबत असेल तर डॉक्टर औषधही देतात. जगणे नको वाटू लागले, झोप आणि जेवण पूर्ण तुटले, दारू वाढली, तर सहा महिने थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य असून तिथे मराठीतून बोलता येते. ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत, तिथल्या समाजसेवा विभागाकडे किंवा वेदनाशामक सेवेकडे रुग्णाच्या नातलगांनीही स्वतःसाठी भेट मागावी.