अणुवैद्यकातील किरणोत्सारिता-मापन : अचूकतेचा प्रश्न

रुग्णास द्यावयाच्या किरणोत्सारी औषधाची मात्रा ‘डोस कॅलिब्रेटर’ या विहिरीच्या आकाराच्या आयनीकरण कक्षात मोजली जाते. हे उपकरण विघटने प्रत्यक्ष मोजीत नाही. वायूच्या आयनीकरणाने निर्माण होणारा विद्युतप्रवाह मोजून, समस्थानिकागणिक ठरविलेल्या गुणकाच्या साह्याने तो बेकरेलमध्ये व्यक्त करते. खरी मेख या गुणकात आहे. तो बहुधा काचेच्या पात्रासाठी ठरविलेला असतो. इंडियम-१११ चे अल्प ऊर्जेचे क्ष-किरण काच बऱ्याच अंशी शोषून घेते, प्लास्टिकची सिरिंज तितके शोषत नाही. परिणामी तेच द्रावण सिरिंजमध्ये अधिक क्रियाशील भासते आणि रुग्णास मात्रा कमी मिळते. सिझियम-१३७ च्या स्रोताने रोज सकाळी होणारी तपासणी (ती आवश्यकच आहे) हा दोष दाखवू शकत नाही, कारण त्याचे गॅमा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असून काच वा प्लास्टिक त्यांना फारसे अडवीत नाही.